हे कुठून कळले?

इतिहासाच्या शालेय प्रकल्पाचे शेवटचे पान बहुधा सारखेच असते. वर ‘संदर्भ’ असे ठळक अक्षरांतले शीर्षक, त्याखाली रंगीत रेघ आणि मग चार-पाच ओळी: इंटरनेट, गूगल, पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्रे, ग्रंथालयातील पुस्तके. तपासणारा शिक्षक तिथवर पोहोचतो तोपर्यंत गुण मनाशी ठरलेले असतात. पान आहे ना, एवढे पाहून तो सही करतो. ग्रंथालय ही एक जागा आहे आणि गूगल हे शोधयंत्र आहे, त्या प्रकल्पातले एकही वाक्य या दोघांनी लिहिलेले नाही, हे विद्यार्थ्याला माहीत असते आणि शिक्षकालाही. ‘माहिती कुठली?’ या प्रश्नाला ‘ग्रंथालयातली’ असे उत्तर देणे म्हणजे पत्ता विचारणाऱ्याला ‘घरात राहतो’ असे सांगण्यासारखेच आहे. तरीही हे पान वर्षानुवर्षे जसेच्या तसे चालू राहिले आहे, कारण प्रकल्पाच्या मूल्यमापनात त्याला काही वजनच नाही.

माझे म्हणणे असे आहे की इतिहासाच्या प्रकल्पातून मुलांना इतिहास शिकवायचा असेल, तर गुणांचा मोठा हिस्सा या पानाला आणि त्या पानाशी मजकुराचे एकेक विधान जोडणाऱ्या टिपांना मिळाला पाहिजे. त्यासाठी मजकूर निम्म्याने कमी झाला, चित्रे गेली, मुखपृष्ठ साधे झाले तरी बिघडत नाही.

हे मी काहीशा अपराधी भावनेने लिहीत आहे. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या प्रकल्पवह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि विषय होता शिवराज्याभिषेक. जवळजवळ सगळ्या वह्यांत ६ जून १६७४ ही तारीख होती. एका मुलीने मात्र दोन पुस्तके पाहिली होती आणि तिला एका पुस्तकात ६ जून, तर दुसऱ्यात १६ जून अशी तारीख सापडली होती. तिने दोन्ही तारखा पुस्तकांची नावे आणि पृष्ठांक यांसह नोंदवल्या होत्या आणि खाली लिहिले होते, ‘दोन्हींत फरक आहे, कारण समजले नाही.’ त्या वाक्याखाली लाल रेघ मारून मी ‘नक्की तारीख लिहावी’ असा शेरा दिला आणि एक गुण कापला. त्या गठ्ठ्यात इतिहासाच्या पद्धतीने काम केलेली वही बहुधा तेवढी एकच होती.

आपण मुलांना संदर्भ देण्याचे जे कारण सांगतो, तिथूनच घोळ सुरू होतो. दुसऱ्याचे लिखाण आपले म्हणून खपवणे ही चोरी आहे, म्हणून ज्याचे त्याला श्रेय द्या, असे आपण सांगतो. हे खरेच आहे, पण त्यामुळे संदर्भसूची ही ऋणनिर्देशाची धाकटी बहीण होऊन बसते. ऋणनिर्देशात मुख्याध्यापकांचे आणि आईवडिलांचे आभार, संदर्भसूचीत पुस्तकांचे आभार. आभार मानायचे तर ते ढोबळपणे मानले तरी चालतात. पृष्ठांक सांगून कोणी आभार मानत नाही. संदर्भाचे मुख्य काम वेगळे आहे. भूतकाळ कोणालाही प्रयोगशाळेत पुन्हा घडवून पाहता येत नाही. त्याविषयी जे काही कळते ते उरलेल्या कागदांवरून, दगडांवरून, वस्तूंवरून आणि माणसांच्या आठवणींवरून. म्हणून विधान करणाऱ्याने आपण कोणत्या खुणेवरून इथवर आलो हे सांगितले नाही, तर वाचणाऱ्याला ते विधान तपासण्याचा कोणताही मार्ग उरत नाही. रसायनशास्त्राच्या वहीत प्रयोगाची कृती लिहावी लागते आणि नुसते ‘निष्कर्ष: द्रावण निळे झाले’ एवढ्यावर गुण मिळत नाहीत. इतिहासाच्या वहीत मात्र आपण केवळ निष्कर्षांवर गुण देत आलो आहोत.

तळटीप हे परक्यांचे खूळ आहे, असा सूरही कधी कधी ऐकू येतो. नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणतो खरे, पण आपल्याकडे मुळाचा शोध घेणारे होतेच. बाराव्या शतकाच्या मध्यात ‘राजतरंगिणी’ लिहिणाऱ्या कल्हणाने आरंभीच सांगून ठेवले आहे की आपण आधीच्या विद्वानांचे अकरा राजकथाग्रंथ पाहिले, ‘नीलमत’ हे काश्मीरचे पुराण पाहिले, आणि पूर्वीच्या राजांची दानशासने व प्रशस्तिपट्ट पाहून अनेक शंका दूर केल्या. काय पाहिले, कशाशी ताडून पाहिले आणि त्यातून कोणत्या चुका निस्तरल्या, हे तीन-चार श्लोकांत सांगणारी ती संदर्भसूचीच आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली जो पहिला खंड काढला त्याचे आणि पुढच्या सगळ्या खंडांचे नाव ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ असे आहे; इतिहास लिहिण्याआधी साधने लोकांपुढे ठेवली पाहिजेत, हा आग्रह त्या नावातच आहे. त्या पहिल्या खंडात पानिपतच्या काळातली पत्रे होती आणि प्रस्तावनेत राजवाड्यांनी बखरींतली विधाने अस्सल पत्रांच्या कसाला लावून दाखवली. बखर वाचायला रंगतदार असते आणि पत्रात बरेचदा दाणावैरण, कर्ज आणि उशिरा पोहोचलेल्या सांडणीस्वारांच्या तक्रारी असतात. पण पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसते आणि बखरकाराला ते ठाऊक असते, हा भेद शाळेतल्या मुलालाही समजावता येतो.

मला सर्वांत उपयोगी वाटलेले उदाहरण एका खोट्या अवतरणाचे आहे. ते बहुतेकांच्या फोनवर केव्हा ना केव्हा येऊन गेलेले असते. मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश पार्लमेंटपुढे भाषण केले आणि त्यात ‘मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी किंवा चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्याची प्राचीन शिक्षणपद्धती बदलली पाहिजे’ अशा आशयाचे उद्गार काढले, असे त्यात सांगितलेले असते. हे अवतरण प्रकल्पांतही येते, कधी चौकटीत, कधी मुखपृष्ठावर. त्याखाली तारीख आणि ठिकाण दिलेले असल्यामुळे ते पुराव्यासारखे दिसते, पण त्याच दोन गोष्टींमुळे ते तपासताही येते.

आता एखाद्या विद्यार्थ्याने हे तपासायचे ठरवले तर काय होईल? पहिला प्रश्न: त्या दिवशी मेकॉले कुठे होता? मेकॉलेचे कोणतेही विश्वसनीय चरित्र सांगते की तो १८३४ साली भारतात आला होता आणि १८३५च्या फेब्रुवारीत गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलचा सदस्य म्हणून कलकत्त्यात होता. त्या काळी जहाजाने इंग्लंडला पोहोचायला महिने लागत, तेव्हा त्याच दिवशी लंडनमध्ये भाषण करणे अशक्य होते. दुसरा प्रश्न: त्या दिवशी पार्लमेंट भरली होती का? नव्हती, निवडणुकीनंतरची नवी पार्लमेंट १९ फेब्रुवारीला भरली. तिसरा प्रश्न: मग २ फेब्रुवारी १८३५ ही तारीख आली कुठून? ती तारीख खरी आहे. त्या दिवसाची नोंद असलेला मेकॉलेचा शिक्षणविषयक टिपणवजा अहवाल उपलब्ध आहे, छापलेला आहे आणि कोणालाही वाचता येतो. त्यात भिकाऱ्यांचा आणि चोरांचा उल्लेख नाही. मात्र एका चांगल्या युरोपीय ग्रंथालयातले एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाच्या तोडीचे आहे, हा निवाडा त्यात आहे आणि आपल्याला संस्कृत किंवा अरबी येत नाही, ही कबुलीही त्याच लेखात आहे.

ही तपासणी करायला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागत नाही आणि त्यासाठी परदेशी जावे लागत नाही. त्या दुपारी विद्यार्थी जे शिकतो ते वीस पानी प्रकल्पात शिकत नाही. अवतरण खोटे ठरले म्हणून मेकॉले निर्दोष ठरत नाही, हेही त्याला दिसते. उलट अस्सल कागदात त्याच्याविरुद्ध बोलणारे जे आहे ते बनावट भाषणापेक्षा अधिक बोचरे आहे, कारण भाषा न जाणता त्या भाषांतल्या वाङ्मयाचा निकाल लावणाऱ्या माणसाचे ते स्वतःचे शब्द आहेत. बनावट पुरावा वापरणारा आपल्याच बाजूचे नुकसान करतो, हे मुलाला उपदेशाने पटणार नाही, पण असा एक कागद स्वतः ताडून पाहिला की पटते.

इतिहासकाराची नजर आणि विद्यार्थ्याची नजर यांत नेमका काय फरक असतो, याचा अभ्यास झालेला आहे. सॅम वाइनबर्ग या अमेरिकी संशोधकाने १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ इतिहासकार आणि आठ शालेय विद्यार्थी यांच्यापुढे अमेरिकन क्रांतीतल्या, १७७५च्या लेक्झिंग्टनच्या चकमकीविषयीची तीच कागदपत्रे ठेवली आणि वाचताना मनात जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. विद्यार्थी हुशार होते, पण ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेले आणि कागद कोणाचा हे बहुतेकदा सर्वांत शेवटी पाहत किंवा पाहतच नसत. इतिहासकारांची नजर आधी तळाशी जात असे: हे कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी? मजकूर ते त्यानंतर वाचत. त्या इतिहासकारांपैकी सगळेच अमेरिकन क्रांतीचे अभ्यासक नव्हते. म्हणजे त्यांच्या आणि मुलांच्या वाचनातला फरक माहितीच्या साठ्यापेक्षा सवयीचा होता. सवय लावता येते, आणि ती लावण्यासाठी शाळेकडे प्रकल्पासारखे दुसरे साधन नाही.

याच वाइनबर्गचा सारा मॅकग्र्यू यांच्यासह केलेला २०१७चा अभ्यास इतिहासाच्या प्राध्यापकांनीही जरा नम्रपणे वाचण्यासारखा आहे. या वेळी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यापीठीय विद्यार्थी यांना इंटरनेटवरील पाने पारखायला दिली होती. पानाची देखणी मांडणी, भारदस्त नाव आणि गंभीर भाषा यांना विद्यार्थ्यांबरोबर अनेक इतिहासकारही फसले. तथ्यतपासनीस मात्र त्या पानावर फार काळ थांबलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसऱ्या खिडक्या उघडून या संस्थेविषयी इतर कोण काय म्हणते ते पाहिले. कागद हातात आला की त्याच्या तळाशी पाहायचे आणि पडद्यावर पान आले की त्याच्या बाहेर जाऊन पाहायचे. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे, फक्त उत्तर शोधण्याची जागा बदलते.

प्राथमिक साधने आणि दुय्यम साधने ही विभागणी शाळेत शिकवली जाते, पण ती बहुतेकदा वस्तूंच्या दोन पेट्यांसारखी शिकवली जाते: पत्र, नाणे, शिलालेख या पेटीत, पुस्तके त्या पेटीत. प्रत्यक्षात साधनाचा दर्जा आपण विचारलेल्या प्रश्नावर ठरतो. १९६० साली छापलेले इतिहासाचे पाठ्यपुस्तक हे १८५७च्या उठावासाठी दुय्यम साधन आहे, पण ‘१९६० साली मुलांना १८५७ कसे शिकवत?’ असा प्रश्न घेतला तर तेच पुस्तक प्राथमिक साधन होते. बखरींचेही असेच आहे. सभासदाची बखर १६९७च्या सुमारास, शिवकाल पाहिलेल्या माणसाने लिहिली; मल्हार रामराव चिटणीसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिली गेली. विद्यार्थ्याच्या संदर्भसूचीत या दोन्ही शेजारी शेजारी ‘बखरी’ या एका शब्दाखाली येतात, जणू दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी साक्ष दिली आहे. चिटणिसांची बखर त्यामुळे निरुपयोगी ठरत नाही. १८१० साली शिवाजी महाराजांकडे कसे पाहिले जात होते, या प्रश्नाला ती फार मोलाची आहे. फक्त १६५९ साली काय घडले, या प्रश्नाला ती एकटी पुरेशी नाही. सूचीत प्रत्येक साधनापुढे ‘केव्हाचे’ आणि ‘कोणत्या प्रश्नासाठी वापरले’ हे एका ओळीत लिहायला लावले, तर ही गोष्ट वेगळा धडा न शिकवताही लक्षात येते.

आता त्या दोन तारखांकडे वळतो. १५८२ साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी सुधारलेले कॅलेंडर पोर्तुगालसारख्या कॅथलिक देशांनी लगेच स्वीकारले. इंग्लंडने ते १७५२पर्यंत स्वीकारले नाही. त्यामुळे सतराव्या शतकात इंग्रजांच्या वखारीतून निघालेल्या पत्रावर आणि त्याच दिवशी गोव्याहून पोर्तुगीजांनी धाडलेल्या पत्रावर दहा दिवसांच्या अंतराच्या तारखा पडत. राज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध पक्षात, शके १५९६मध्ये झाला. तो दिवस जुन्या ज्युलियन गणनेने ६ जून आणि नव्या ग्रेगोरियन गणनेने १६ जून येतो. दोन्ही पुस्तके बरोबर होती. इंग्रजांचे वर्ष त्या काळी २५ मार्चला सुरू होत असे, म्हणून त्यांच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या पत्रांवर आपल्या दृष्टीने आदल्या वर्षाचा आकडाही असू शकतो. शकाचा इसवी सन करताना ७८ मिळवायचे, हे आपण घोकलेले असते, पण इसवी सनाचे नवे वर्ष लागल्यानंतरच्या आणि चैत्रापूर्वीच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शिवजन्माची जेधे शकावलीतली (जेधे घराण्याकडच्या सालवार नोंदींतली) तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही आहे. डोळे झाकून ७८ मिळवले तर १६२९ येते आणि नीट हिशेब केला तर १६३०. ज्याने आपल्या वहीत ‘शके १५५१, जेधे शकावली’ अशी मूळ नोंद ठेवली आहे त्याची चूक दुसऱ्या कोणालाही दुरुस्त करता येते, पण ज्याने नुसते ‘१६२९’ लिहिले आहे तो कुठे घसरला हे कळायला मार्गच नसतो.

संदर्भ देण्याच्या शिस्तीतला सर्वांत अवघड नियम माझ्या मते हा आहे: जे स्वतः पाहिले तेच पाहिले म्हणून सांगावे. मोडीतले पत्र विद्यार्थ्याने वाचलेले नसते. त्याने छापील खंडातले त्याचे देवनागरी लिप्यंतर वाचलेले असते, किंवा बरेचदा तेही नाही, कोणा लेखकाने त्या लिप्यंतरातून उचललेल्या दोन ओळी वाचलेल्या असतात. अशा वेळी ‘अमुक पत्र, तमुक पुस्तकात उद्धृत’ असे लिहिणे हाच प्रामाणिकपणा असतो. पण मोठ्या ग्रंथातली तळटीप जशीच्या तशी उचलून आपल्या वहीत ठेवण्याचा मोह फार असतो, कारण तिने वही विद्वान दिसते. एका वहीतली पहिलीच टीप ‘तत्रैव, पृ. ४५’ अशी होती. तत्रैव म्हणजे ‘तिथेच’, वरच्या टिपेत सांगितलेल्या ग्रंथात. आणि वर टीपच नव्हती. त्या मुलाला मी हसलो नाही असे म्हणणार नाही, पण मोठ्यांच्या प्रबंधांतही असे ‘तत्रैव’ सापडतात, फक्त ते अधिक सफाईने बसवलेले असतात. उसनी टीप उघडकीस येते ती मूळ ग्रंथातली चूकही तिच्याबरोबर आली तर. पृष्ठांक मूळ लेखकाने चुकवला आणि पुढच्या पाच जणांनी तोच दिला, तर त्या पाचांपैकी कोणीही ते पान उघडलेले नाही, हे सिद्ध होते.

चित्रांविषयी थोडक्यात. बर्लिनच्या राइशस्टागवर, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवर, सोव्हिएत सैनिक झेंडा फडकावतानाचे छायाचित्र दुसऱ्या महायुद्धाच्या जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात चिकटवलेले असते. येवगेनी खाल्देई यांनी ते २ मे १९४५ रोजी काढले. झेंडा पहिल्यांदा लावला गेला तो ३० एप्रिलला, रात्री, म्हणजे हे दृश्य नंतर छायाचित्रासाठी उभे केलेले आहे. शिवाय मूळ छायाचित्रात एका सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लुटीचा संशय येऊ नये म्हणून त्यांतले एक खोडले गेले आणि मागचा धूर गडद केला गेला. चित्राखाली ‘छायाचित्र: इंटरनेट’ असे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला यातले काहीच कळत नाही. छायाचित्रकार आणि तारीख शोधायला लावली तर हे सगळे पाच मिनिटांत समोर येते आणि चित्र शोभेची वस्तू न राहता पुरावा होते, काहीसा संशयित, पण पुरावा.

विकिपीडियाला बंदी घालणे मला कधीच पटले नाही. तिथला चांगला लेख म्हणजे टिपांची रांग असते. विद्यार्थ्याने लेख वाचावा, खालच्या टिपांमधून दोन पुस्तके निवडावी आणि ती पाहून त्यांचा संदर्भ द्यावा. लेखाचा ‘इतिहास’ उघडला तर कोणते वाक्य केव्हा घुसले आणि केव्हा वगळले गेले तेही दिसते, जे छापील पुस्तकात कधीच दिसत नाही. प्रश्न विचारताच उत्तर लिहून देणाऱ्या यंत्रांचे मात्र वेगळे आहे. ती अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाला लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठांक देऊन मोकळी होऊ शकतात. २०२३ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात एका वकिलाने असेच यंत्राने रचलेले निवाडे दाखल्यादाखल दिले. त्यांतले निदान सहा कधी झालेलेच नव्हते, आणि त्याबद्दल न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड केला. पकडले गेले ते विरुद्ध बाजूने ते निवाडे शोधायला घेतले म्हणून. शाळेत विरुद्ध बाजूचा वकील नसतो. आजवर निदान संदर्भसूची रचायला कष्ट पडत. आता निर्दोष दिसणारी सूची फुकट मिळते आणि म्हणून सूचीच्या दिसण्याला गुण देणे पूर्वीपेक्षा अधिक निरर्थक झाले आहे. स्वल्पविराम कुठे, प्रकाशनवर्ष कंसात की बाहेर, याची काटेकोर तपासणी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे, कारण ते सगळे यंत्र बिनचूक करते.

या भूमिकेवर जे आक्षेप घेतले जातात त्यांतला एक असा की एवढ्या लहान वयात हे झेपत नाही. दोन भावंडांचे भांडण ज्याने सोडवले आहे त्याला हे पटणार नाही. ‘तू पाहिलेस का?’, ‘तुला कोणी सांगितले?’, ‘तो तर तेव्हा तिथे नव्हताच’ हे साधनचिकित्सेचे प्रश्न सात वर्षांचे मूल न शिकवता विचारते. दुसरा आक्षेप साधनांच्या उपलब्धतेचा. अभिलेखागार प्रत्येकाच्या आवाक्यात नाही हे खरे, पण त्याची गरजही प्रत्येक प्रकल्पाला नाही. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’सारख्या ठिकाणी बरेच काही पडद्यावर दिसते आणि घरातल्या वृद्ध माणसाची मुलाखत हे साधन तर कोणालाही मिळते. मात्र मुलाखत केव्हा घेतली, सांगणारा घटनेच्या वेळी किती वर्षांचा होता आणि त्याने स्वतः काय पाहिले व काय ऐकले, हे लिहिले पाहिजे. एकाच घटनेचे प्रत्यक्षदर्शी वेगवेगळी हकिकत सांगतात, कधी पक्षपातामुळे तर कधी विस्मरणामुळे, ही तक्रार ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने अडीच हजार वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे.

मला गंभीर वाटतो तो तिसरा आक्षेप. प्रत्येक गोष्टीवर ‘कशावरून?’ विचारायला शिकवले, तर मुले शेवटी ‘सगळेच खोटे, ज्याचा त्याचा इतिहास’ असे म्हणू लागतील, अशी भीती काही शिक्षक व्यक्त करतात. ही भीती निराधार नाही. अर्धवट शंकेचा शेवट तिथेच होतो. परंतु ‘सगळेच खोटे’ असे म्हणणारा माणूस आणि ‘सगळेच खरे’ असे म्हणणारा माणूस यांच्यात एक साम्य असते: दोघांनीही कागद उघडलेला नसतो. मेकॉलेचे भाषण खोटे आणि मेकॉलेचे टिपण खरे, हे ज्याने स्वतः ताडून पाहिले त्याला खरे-खोटे वेगळे करता येते, असा अनुभव आलेला असतो. शंका उपस्थित करून मुलाला तिथेच सोडून दिले तर ते निंदक होईल. शंकेपासून कागदापर्यंत पोहोचण्याची वाट दाखवली, तर तशी शक्यता मला कमी वाटते.

चौथा आक्षेप शिक्षकांच्या वेळेचा आहे आणि त्याचे उत्तर प्रकल्पाच्या आकारात आहे. ‘दुसरे महायुद्ध’ हा विषय दिला की पंचवीस पाने येणार, त्यांतली सगळी कोणाची तरी असणार आणि ती कोणी वाचणार नाही. ‘राज्याभिषेकाच्या दोन तारखा का सापडतात?’ असा प्रश्न दिला तर चार पाने पुरतात. आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट या शालेय अभ्यासक्रमाच्या २०१७पासूनच्या आराखड्यात इतिहासाच्या शोधनिबंधाला २,२०० शब्दांची मर्यादा होती आणि त्यातला पहिला विभागच दोन साधनांच्या मूल्यमापनासाठी राखलेला होता, २५पैकी ६ गुणांचा. अमेरिकेत १९७४ साली सुरू झालेल्या नॅशनल हिस्टरी डे या शालेय स्पर्धेत नुसती सूची चालत नाही. प्रत्येक साधन कसे उपयोगी पडले हे सांगणारी टिपणी तिच्यासोबत द्यावी लागते. म्हणजे ही गोष्ट शाळकरी मुलांकडून करून घेतली जाते. माझा हिशेब याहून साधा आहे: चार-पाच पाने, चार-पाच साधने, प्रत्येकापुढे दोन ओळी, न उलगडलेल्या गोष्टींसाठी एक राखीव परिच्छेद, त्याला स्वतंत्र गुण, आणि शेवटी पाच मिनिटांची तोंडी परीक्षा, जिच्यात शिक्षकाने वहीतले कोणतेही एक वाक्य बोटाने दाखवून ‘हे कुठून कळले?’ एवढेच विचारायचे.

त्या मुलीची तोंडी परीक्षा घेतली असती तर मी तिला त्या दोन तारखांविषयीच विचारले असते. तिला उत्तर आले नसते आणि त्या वेळी बहुधा मलाही आले नसते. मग आम्ही दोघांनी मिळून त्या दुसऱ्या पुस्तकाची प्रस्तावना उघडली असती, कारण आपण तारखा कोणत्या गणनेने दिल्या आहेत हे अनेक लेखक तिथे, एखाद्या कोपऱ्यात, सांगून ठेवतात.